तापात गोळी बंद नाही, दुप्पट

प्रश्न : यजमानांना ॲडिसनचा आजार आहे. रोज २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे. पावसाळ्यात ताप आला, जेवण जाईना. रिकाम्या पोटी स्टेरॉइड कशाला, म्हणून गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या होऊन चक्कर आली, ॲडमिट करावं लागलं. आमचं काय चुकलं?

उत्तर : गोळी थांबवली, तिथेच चुकलं. स्टेरॉइडची धास्ती घरोघरी आहे, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. ताप आला की निरोगी माणसाच्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आपणहून जास्त कॉर्टिसॉल, म्हणजे आजाराचा ताण झेलायला लागणारं संप्रेरक, सोडतात. ॲडिसनमुळे यजमानांच्या ग्रंथींना ते जमत नाही, म्हणून ती भर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीने घालायची. ताप १००.४ च्या वर गेला की रोजचा डोस दुप्पट, १०२ च्या वर गेला की तिप्पट. ताप उतरला की एक-दोन दिवसांत पुन्हा नेहमीचा. चार दिवसांच्या वाढीव डोसाने हाडं ठिसूळ होत नाहीत. न घेतल्याने मात्र जीव जाऊ शकतो.

उलटीत मात्र गोळीवर भिस्त ठेवू नका. अर्ध्या तासात गोळी उलटून पडली तर पुन्हा द्या. तीही पडली, तर हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. (मोठ्यांचा डोस हा, मुलांचा डॉक्टरांकडून लिहून घ्या.) माझ्या ओपीडीत मी नातेवाइकांना मोसंबीवर सराव करायला लावते. बाटलीतल्या पावडरीत इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी सोडायचं, पूर्ण विरघळेपर्यंत तळहातांत फिरवायचं, मग सिरिंजमध्ये ओढायचं. परवा एका मावशींचा हात इतका थरथरत होता की पहिली सुई मोसंबीवरून घसरली. तिसऱ्या वेळी नीट जमलं. हे घरी शांतपणे शिकून ठेवा, रात्री दोन वाजता शिकता येत नाही. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या सांगा : ‘ॲड्रिनलचा पेशंट आहे, आधी इंजेक्शन आणि सलाइन, रिपोर्ट नंतर.’ हेच लिहिलेलं कार्ड पाकिटात हवं.

प्रश्न : मला हाच आजार आहे. मुलीचं लग्न आहे. ताणासाठी डोस वाढवू का?

उत्तर : नको. लग्न, परीक्षा, ऑफिसची धावपळ यांना सहसा जादा गोळी लागत नाही. उठसूट वाढवली तर वजन, साखर वाढते, हाडं झिजतात. लग्नघरात खरा धोका दुपारचा डोस विसरण्याचा. पंगतीत कोण आठवण करणार? मोबाइलला गजर लावा, गोळ्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको. घरात कुणी गेलं, असा मोठा धक्का बसला तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांना फोन करून दोन-तीन दिवस डोस वाढवता येतो.

प्रश्न : संकष्टी करू का?

उत्तर : गोळ्या वेळेवर आणि फराळ, पाणी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून करा. निर्जळी मुळीच नको.

प्रश्न : टीबीमुळे ॲड्रिनल निकामी झाल्या. टीबीच्या गोळ्या सुरू केल्यापासून थकवा वाढला, असं का?

उत्तर : त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला हायड्रोकॉर्टिसोन फार लवकर संपवायला लावतं. अशा वेळी रोजचा डोसच बऱ्याचदा दुप्पट करावा लागतो. टीबीचं औषध थांबवू नका, पण आजच तुमच्या डॉक्टरांना भेटा.