ते मेसेज डिलीट करू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. रात्री मैत्रिणीला पाठवलेले लांबलचक मेसेज सकाळी बघून "हे मी लिहिलेलंच नाही" असं वाटणं, मग ते घाईघाईने डिलीट करणं, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हा डीआयडी (डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी आळीपाळीने पुढे येतात आणि मधलं आठवत नाही तो आजार) असेल की मी नाटक करतेय. डिलीट केले हे वाचलं आणि राहवलं नाही. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, तुम्हाला नेमकं काय आहे ते इथून मला कळणार नाही. पण मला स्वतःला कळायला सात वर्षं लागली आणि त्यातली तीन-चार तरी मी स्वतःच्या हाताने घालवली.

मी रोजची कामं लिहायला एक वही ठेवायचे. त्यात मधूनच एखादं भलतंच पान निघायचं, अक्षर डावीकडे कललेलं, पेन इतका दाबून धरलेला की पुढच्या दोन-तीन पानांवर ठसा उमटायचा. मजकूर माझ्याच घरातला, माझ्याच माणसांबद्दलचा, पण लिहिल्याचं काही केल्या आठवायचं नाही. मी काय करायचे, तर पान फाडायचे, बारीक तुकडे करून टाकायचे, मग ठसा दिसतो म्हणून पुढची पानंही फाडायचे. कुणी वाचलं तर काय म्हणेल ही भीती होतीच, पण खरं म्हणजे मलाच ते बघवत नव्हतं.

आणि असं सगळं साफ करून मी डॉक्टरांकडे जायचे. त्यांनी विचारलं आवाज येतात का, मी म्हटलं येतात, झालं, दहा मिनिटांत स्किझोफ्रेनिया. ते आवाज अगदी लहानपणापासून आहेत, डोक्याच्या आतूनच येतात, आपसात भांडतात, त्यातलं एक लहान मूल नुसतं रडतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी धीर करून म्हटलं की माझे मधले तास गायब होतात, तर उत्तर मिळालं, "मग आत्ता बदलून दाखवा." नाव घेत नाही त्या जागेचं, पण आजही हात थरथरतात. त्यानंतर दीड वर्ष मी हा विषयच काढला नाही. अहो, डीआयडी असलेल्या बहुतेकांची सगळी शक्ती हे लपवण्यात जाते, सिनेमातल्यासारखं आवाज-कपडे बदलून समोर येणारे फार थोडे! मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या अमेरिकन पुस्तकात, डीएसएम-५ मध्ये, म्हणजे २०१३ पासून, स्पष्ट लिहिलंय की बदल डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायलाच हवा असं नाही, माणसाने स्वतः सांगितलेलंही चालतं.

१९८० मध्ये याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत, १९९४ ला नाव बदललं, तरी लोक अजून आत "दुसरा माणूस" भेटतो का तेच शोधत बसतात. मला कुणी भेटलं नव्हतं. मला सापडायचे ते मागे राहिलेले पुरावे, आणि विसरल्याचंही विसरायला होतं म्हणून तेही टिकत नाहीत. पुढे एक थेरपिस्ट भेटल्या, त्यांनी डीईएस नावाची, असे तुटलेपणाचे आणि विसरण्याचे अनुभव किती येतात ते विचारणारी २८ प्रश्नांची प्रश्नावली दिली. त्यात एक प्रश्न होता, आपल्या सामानात नवी वस्तू सापडते पण घेतल्याचं आठवत नाही, असं किती टक्के वेळा होतं? मी साठ लिहिलं आणि म्हटलं, हे तर सगळ्यांचंच होतं ना? त्यांनी शांतपणे विचारलं, गेल्या मंगळवारी दुपारी कुठे होता? मला मंगळवारच आठवेना.

अर्थात ही प्रश्नावली म्हणजे फक्त चाळणी. नंतर कित्येक तासांच्या मुलाखती झाल्या, शिवाय ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, कारण फिट्समुळेही असे तास जाऊ शकतात. दारू, औषधं, झोप, सगळं विचारलं. हे टाळू नका. आणि माझं मत विचाराल तर रील्स बघून आतल्यांची नावं-वयं ठरवायला आत्ताच बसू नका, लहानपणच्या आठवणीही एकटीने उकरू नका, मी एकदा ते केलं आणि पुढचे दोन आठवडे घराबाहेर पडू शकले नाही. आधी रोजचं जगणं स्थिर, बाकी नंतर. चालू गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, डीआयडीवर खास अशी गोळी नाही हे खरं, पण माझ्या डॉक्टरांनी कित्येक महिने घेऊन कमी केल्या. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, डिसोसिएशनच्या (आठवणी, भावना, स्वतःची ओळख यांचा धागा तुटण्याच्या) पेशंटचा अनुभव आहे का म्हणून. आणि त्या मेसेजमध्ये जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच कुणाला तरी जवळ बोलवा.

नाटकाचं म्हणाल तर ही शंका मला निदान झाल्यावरही यायची, अजून येते. तिचा निकाल लावून मगच डॉक्टरांकडे जाईन असं करू नका.

वहीचं राहिलं. थेरपिस्टच्या सांगण्यावरून एक पान पहिल्यांदा तसंच ठेवलं आणि खाली तारीख घालून लिहिलं, "हे कोणी लिहिलं?" चार दिवसांनी त्याच कललेल्या अक्षरात उत्तर होतं, "फाडणार नसशील तर सांगते." ते पान घेऊनच मी पुढच्या सेशनला गेले.

तुमचे मेसेज मैत्रिणीच्या फोनमध्ये बहुतेक अजून असतील. तिच्याकडून स्क्रीनशॉट मागवा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि एकटीने वाचत न बसता ते डॉक्टरांसमोर ठेवा.