डेटाबेसला एकच ओळ पुरत नाही

मित्रा,

तुझा व्हीसेंटर (सगळी व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) ६.५ वरून ८ वर नेण्याचा प्लॅन वाचला. होस्टवर, म्हणजे ती मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर, तू मनापासून काम केलंयस. डेटाबेसला मात्र एकच ओळ: ‘आधी एसक्यूएल सर्व्हर २०१४ नवा करणे’. ती ओळ काढून टाक.

२०१४ चा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपला, तेव्हा तुझी काळजी रास्त आहे. पण तुझं आत्ताचं व्हीसेंटर विंडोजवर आहे, आणि व्हीसेंटर ७ पासून विंडोजवर चालतच नाही. मायग्रेशनमध्ये तुझा सगळा डेटा अप्लायन्सच्या (व्हीसेंटरचं तयार लिनक्स मशीन) आतल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाणार. जो डेटाबेस सोडायचाच आहे, तो अपग्रेड करण्यात रात्र कशाला घालवायची? शिवाय नव्या एसक्यूएल सर्व्हरवर घेतलेला बॅकअप जुन्यावर रिस्टोअर होत नाही. म्हणजे परतीची एक वाट तू स्वतःच बंद करशील.

त्याऐवजी डीबीएंसोबत (डेटाबेस सांभाळणाऱ्यांसोबत) बसून कुठलं टेबल किती फुगलंय ते बघ. बहुतेक वेळा कॉन्फिगरेशन छोटंसं असतं. जागा खातात ते इव्हेंट, टास्क आणि परफॉर्मन्सचे जुने आकडे. मायग्रेशन करताना यातलं काय न्यायचं हे विचारलं जातं, आणि काम किती तास चालणार ते बरंचसं त्या उत्तरावर ठरतं. परफॉर्मन्सचे आकडे मी तरी सोडून देईन. इव्हेंट मात्र ऑडिटवाल्यांना विचारल्याशिवाय सोडू नकोस, कारण कुठलं मशीन कोणी डिलीट केलं याची नोंद तिथेच असते.

६.५ वरून थेट ८ वर जाता येत नाही, मध्ये थांबावंच लागतं; तू ७ वर थांब. त्या थांब्यावर होस्टही ७ ला आणून घे, कारण व्हीसेंटर ८ ला ईएसएक्सआय (होस्टवरचं सॉफ्टवेअर) ६.५ चे होस्ट चालत नाहीत. जुन्या सर्व्हरचे प्रोसेसर आणि रेड कार्ड (डिस्क सांभाळणारं कार्ड) कंपॅटिबिलिटी यादीत आत्ताच शोध. ७ मध्ये जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकलेत. बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्तीही त्याच बैठकीत तपास.

आता वेळ. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून तू गुरुवार धरलास. पण महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. आपल्या फीडरवर त्या दिवशी काम आहे का ते विचार, जनरेटरचं डिझेल स्वतः जाऊन बघ, आणि शक्य असेल तर बुधवारी रात्रीच सुरुवात कर. महिनाअखेर नकोच. प्रॉडक्शनच्या साहेबांना खरं ते सांग: व्हीसेंटर बंद असलं तरी व्हर्च्युअल मशीन चालू राहतात, ईआरपी (कारखान्याचं रोजच्या कामाचं सॉफ्टवेअर) पडत नाही, होस्ट गेला तर त्यावरची मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू करणारं एचए आपलं काम करतं. व्हीमोशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं), डीआरएस (होस्टवरचा भार आपोआप वाटणं) आणि बॅकअप तेवढे थांबतात.

परत फिरण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण रात्री तीन वाजता माणूस ‘अजून अर्धा तास बघू’ असं म्हणत राहतो. मागे फिरण्याचा निर्णय किती वाजता आणि कोण घेणार, हे दिवसा, शांत डोक्याने ठरव आणि लिहून ठेव. परतताना अप्लायन्स बंद करून जुना विंडोज सर्व्हर चालू करायचा. पण त्याचं नाव आणि आयपी तोवर अप्लायन्सने घेतलेलं असतं, त्यामुळे त्याला डोमेनमधून (कंपनीच्या सामाईक लॉगिनच्या व्यवस्थेतून) काढून पुन्हा जोडावं लागतं. तेव्हा डोमेनचं लॉगिन चालेल या भरवशावर राहू नकोस. लोकल ॲडमिनचं खातं आधीच तयार ठेव आणि एकदा लॉगिन करून बघ. डीएनएसमध्ये नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही बरोबर येतात का आणि सगळ्या मशीनची घड्याळं जुळतात का, हेही त्याच दिवशी उरक. नवं व्हीसेंटर पक्कं झाल्याशिवाय नवी मशीन बनवू देऊ नकोस. जुन्या डेटाबेसला त्यांचा पत्ताच नसेल. तो डेटाबेसही तोवर कोणी पुसायचा नाही.

आणि एक. आजवर रात्रीचा बॅकअप डीबीए घेत होते. पोस्टग्रेस त्यांच्या जॉबमध्ये येणार नाही, आणि जुना जॉब रोज ‘यशस्वी’ असा मेल पाठवत राहील. अप्लायन्सच्या ५४८० पोर्टवरच्या पानावरून रोजचा फाइल बॅकअप वेगळ्या स्टोरेजवर लाव, तो कोण बघणार त्याचं नाव प्लॅनमध्ये घाल, आणि पहिल्याच आठवड्यात त्या माणसाकडूनच बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कमध्ये एक रिस्टोअर करून घे. मी त्या दिवशी येऊ शकेन, तारीख कळव.

तुझा,
सर