भाषा दोघांनी शिका, एकट्याने नाही

प्रिय बेटा, सप्रेम सलाम.

तुझा मेसेज वाचला, मिशनरी म्हणून परदेशी जायचा तुम्हा नवराबायको दोघांचा व्हिसा झाला, प्रभूची स्तुती असो! तू विचारलंयस की मावशी, तिकडे गेल्यावर रोजचा दिवस नेमका कसा जातो, कारण आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येऊन जे मिशनरी साक्ष देतात त्यांच्या बोलण्यात बाप्तिस्मे आणि मोठमोठी कामंच ऐकायला मिळतात. विचारलंस ते बरं केलंस.

सुरुवातीचा बराच काळ सेवा म्हणजे भाषा आणि कागदपत्रं. सकाळी क्लास, घरी येऊन गृहपाठ, मध्येच परमिट रिन्यू करायची रांग, तिथे एक झेरॉक्स कमी पडली म्हणून उद्या परत या, नळ गळायला लागला तर प्लंबरला काय सांगायचं ती वाक्यं आधी वहीत लिहून पाठ करायची, मग तो भलतंच काहीतरी विचारतो आणि पाठ केलेलं सगळं वाया. संध्याकाळी दमून जेवायला बसलात की शेजारीण दार वाजवते, तासभर बसते, तिचं निम्मं बोलणं कळत नाही, तरी उठू नका. मी मनापासून सांगते, त्या दिवसातली खरी सेवा त्या तासात होते, कारण पुढे तिच्या घरात आजारपण आलं की ती प्रार्थनेसाठी कुणाकडे येणार ते इथेच ठरतं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक घरांत काय होतं, नवरा क्लासला जातो, मीटिंगांना जातो, आणि बायको म्हणते तू शिकून घे, मी घर लावते, मुलांचं बघते, माझं नंतर होईल. ते नंतर काही येत नाही. वर्षा-दोन वर्षांत तो तिथल्या भाषेत संदेश द्यायला लागतो आणि तिला डॉक्टरकडे एकटीला जाऊन दुखतंय कुठे ते सांगता येत नाही. मग ती बाहेर पडणं कमी करते, फोनवर घरच्यांशी बोलत बसते, आणि तो बिचारा समजतो की हिला घराची आठवण येतेय. तसं नसतं रे, तिला कुणी बोलायला नसतं.

डोरोथी केरीचं आयुष्य बघ. ज्या मिशनरी विल्यम केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं त्यांची ही बायको. १७९३ मध्ये निघताना तिने आधी नाहीच म्हटलं होतं, शेवटी बहीण बरोबर येणार असेल तर येते असं म्हणून तान्हं बाळ घेऊन जहाजात चढली. बंगालात आल्यावर एका जागेवरून दुसरीकडे मुक्काम हलवणं, आजारपणं, आणि १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन सावरलंच नाही, १८०७ मध्ये ती वारली. केरींचं काम मोठंच आहे, पण डोरोथीबद्दल आपल्या मंडळ्यांत कुणी बोलत नाही ते मला पटत नाही.

आणि ॲन जडसन बघ. १८१३ मध्ये मिशनरी नवऱ्याबरोबर, ॲडोनिरामबरोबर, ब्रह्मदेशात रंगूनला पोचली, घर सांभाळायचं म्हणून दिवसभर बर्मी बोलायलाच लागायचं. तिनेच लिहून ठेवलंय की व्याकरण नवऱ्याला जास्त कळतं, पण बोलणं आणि समजणं माझं जास्त चांगलं आहे. पुढे १८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेशाचं युद्ध लागलं आणि ॲडोनिराम कैदेत पडला तेव्हा हीच बाई, पोटुशी असताना, अधिकाऱ्यांकडे विनवण्या करत फिरली, तुरुंगात जेवण पोचवत राहिली. दुभाषी घेऊन हे झालं असतं असं मला नाही वाटत.

म्हणून निघायच्या आधी तुम्हाला पाठवणाऱ्या मिशन बोर्डाकडून लेखी घे की भाषेचा पूर्ण कोर्स दोघांना मिळेल आणि त्याची फीदेखील दोघांची धरली जाईल. मूल झालं तर वेळा वाटून घ्या, ती क्लासला असताना तू घरी, आणि हे कुणावर उपकार केल्यासारखं करू नकोस.

बाकी थोडक्यात सांगते. सपोर्ट देणाऱ्यांना रिपोर्ट लिहिताना ज्या महिन्यात काही घडलं नाही त्या महिन्यात नाही घडलं असंच लिहा, लोकांचे फोटो न विचारता टाकू नका, काही देशांत नुसत्या एका फोटोने माणूस अडचणीत येतो. आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा ठेवाच. बायबलात १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने आधी त्याला खायला दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं, पुढच्या कामाचं बोलणं नंतर झालं. आणि भांडणं होणार, इथल्यापेक्षा जास्त होणार, कारण इथे रुसून जायला आई असते, मैत्रीण असते, तिकडे सगळा राग एकाच माणसावर निघतो. तेव्हा दोघांनी एकेक असं माणूस ठरवून ठेवा ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल आणि जे बोर्डाचं नसेल.

बोर्डाचं उत्तर आलं की कळव. आणि तिचा नंबर पाठव, तिच्याशी मला वेगळं बोलायचंय, तू मध्ये नकोस.

तुझी,
मावशी