इंग्रजीसाठी वर्षभर थांबू नका. शब्द कामातून शिकू द्या

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी मराठी माध्यमातून बारावी होते आहे. पुढे अन्न किंवा शेती यांतलंच काहीतरी शिकायचं, हे तिचं पक्कं आहे. मोठ्या हॉटेलचं स्वयंपाकघर, कृषी पदवी की अन्न तंत्रज्ञान, एवढंच ठरत नाही. शिकवणीत तिला भाज्या, फळं, धान्यं, भांडी आणि अवजारं यांच्या इंग्रजी नावांची जाडजूड यादी दिली आहे. ती पाठ करते आणि आठवड्याभरात विसरते. आता म्हणते, इंग्रजी जमणार नसेल तर ही क्षेत्रंच नकोत. म्हणून तुम्ही विचारता, की एक वर्ष थांबून आधी इंग्रजी पक्कं करून घ्यावं का?

माझं उत्तर: थांबू नका. आणि ती यादी आजच बाजूला ठेवा.

यादी विसरली जाते त्यात मुलीची काहीच चूक नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं, की एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी पाठ केल्या की त्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो. गाजराला काय म्हणतात आणि कोबीला काय म्हणतात, हे एकाखाली एक लिहून घोकणं हा असाच प्रकार आहे. शिवाय नावं ही या क्षेत्रांतली सगळ्यांत सोपी गोष्ट. वस्तू समोर असते, कुणीतरी बोट दाखवून नाव घेतं, दोनचारदा कानावर पडलं की ते बसतं. प्रात्यक्षिकात अडतं ते नावांवर नाही, क्रियापदांवर.

पाण्यात शिजवण्याचंच उदाहरण घ्या. इंग्रजी पाककृतीत पोच, सिमर आणि बॉइल ही तीन वेगळी कामं आहेत. पोच म्हणजे साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, जवळजवळ बुडबुडे न येऊ देता शिजवणं. अंडं किंवा मासा असा शिजवतात. सिमर म्हणजे ८५ ते ९५ अंशांच्या आसपास, कडेने बारीक बुडबुडे येत राहतील इतकंच. बॉइल म्हणजे खळखळून उकळणं. हाडांचा स्टॉक (हाडं पाण्यात शिजवून काढलेला रस) सिमर करायला सांगितला आणि तुम्ही तो बॉइल केलात तर चरबी आणि गाळ ढवळून स्टॉक गढूळ होतो. म्हणजे हा शब्दाचा फरक थेट पातेल्यात दिसतो. ब्लांच म्हणजे उकळत्या पाण्यात थोडा वेळ टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढणं. ब्रेझ म्हणजे आधी तेलातुपावर चांगला रंग आणायचा, मग थोड्याच द्रवात झाकण ठेवून मंद शिजवायचं. केकचं मिश्रण फोल्ड करा म्हटलं की हलक्या हाताने खालून वर घ्यायचं, कारण आत फेटून भरलेली हवा टिकवायची असते. तिथे कुणी जोराने ढवळलं तर केक बसतो. हे एकदा हाताने करून पाहिलं की शब्द पाठ करावा लागत नाही.

आता शेतीकडे या. तुमच्या घरची शेती आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण तिच्याकडे एक भांडवल आहे ज्याची तिला अजून कल्पना नाही. ब्रॉडकास्टिंग म्हणजे फोकून पेरणं, थिनिंग म्हणजे विरळणी, मल्च म्हणजे आच्छादन, टॉप ड्रेसिंग म्हणजे उभ्या पिकाला वरून खत देणं, थ्रेशिंग म्हणजे मळणी, विनोइंग म्हणजे उफणणी, फॅलो म्हणजे पड ठेवलेली जमीन, हेफर म्हणजे कालवड. यातली प्रत्येक गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिली आहे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या आणि कधी शेतात न गेलेल्या मुलाला शब्द वाचता येतो, पण त्यामागचं काम ठाऊक नसतं. तुमच्या मुलीला फक्त नवं नाव जोडायचं आहे. या दोघांत पहिल्या वर्षी पुढे कोण जाईल, याबद्दल मला तरी शंका नाही.

ज्या शब्दांपासून खरोखर सावध राहायला हवं, ते अवघड दिसणारे शब्द नाहीत, ओळखीचे वाटणारे आहेत. लॉजिंग म्हटलं की आपल्याला राहायची सोय आठवते. पिकाच्या अहवालात लॉजिंग म्हणजे वाऱ्यापावसाने पीक लोळणं. बोल्टिंग म्हणजे कडी घालणं नव्हे, कांद्याला डेंगळे यावेत तसा पिकाला वेळेआधी फुलोरा येणं. स्टँड म्हणजे शेतात उगवून टिकलेली रोपं. स्वयंपाकघरात रिड्यूस म्हणजे सॉस आटवणं, क्युअर म्हणजे मीठ लावून किंवा धुरी देऊन टिकवणं, प्रूफ म्हणजे मळलेलं पीठ फुगू देणं, रेस्ट म्हणजे भाजलेलं मांस कापण्याआधी तसंच राहू देणं. शब्दकोशात पहिला अर्थ बघून पुढे गेलं की वाक्य पूर्ण वाचूनही काहीच हाती लागत नाही, आणि मुलांना वाटतं आपलं इंग्रजीच कच्चं. तसं नसतं. अशा शब्दांसाठी तिने एक वेगळी वही करावी. माझ्या मते त्या वहीची दहा पानं त्या अख्ख्या यादीपेक्षा मोलाची ठरतील.

आणखी एक शब्दांचा गट आहे, ज्यात चूक चालतच नाही. फवारणीच्या औषधाच्या लेबलवर प्री-हार्वेस्ट इंटरव्हल असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किमान किती दिवस जायला हवेत तो काळ. री-एंट्री इंटरव्हल म्हणजे फवारल्यानंतर शेतात पुन्हा शिरण्याआधी किती थांबायचं. जनावराला औषध दिलं तर विथड्रॉवल पीरियड संपेपर्यंत त्याचं दूध किंवा मांस विकायचं नसतं. युरोप आणि ब्रिटनमधल्या अन्नाच्या वेष्टनांवर यूज बाय आणि बेस्ट बिफोर अशा दोन वेगळ्या तारखा येतात: पहिली सुरक्षिततेची, ती उलटल्यावर खायचं नाही, दुसरी दर्जाची, ती उलटली तर चव किंवा कुरकुरीतपणा कमी होईल एवढंच. क्लीन आणि सॅनिटाइझ हेही एक नव्हेत. मळ काढणं वेगळं आणि त्यानंतर जंतूंची संख्या सुरक्षित पातळीला आणणं वेगळं. युरोपीय संघाने अन्नावर ठळक दाखवायलाच हवेत असे, काही जणांना वावडे असणारे १४ अ‍ॅलर्जन ठरवले आहेत. त्यात दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी आहेत, तसे सेलरी (देठाची भाजी) आणि ल्युपिन (एक कडधान्य) हेही आहेत. अन्नाच्या व्यवसायात जाणाऱ्या प्रत्येकाला ही १४ नावं झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत. नावं पाठ करूच नयेत असं मी म्हणत नाही. जिथे कुणाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथली जरूर करावीत.

याच गटात मी तीन छोटे शब्द घालीन: शॅल, शुड आणि मे. अन्न सुरक्षेचं आयएसओ २२००० हे आंतरराष्ट्रीय मानक २००५ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं. त्यात शॅल आलं की ती गोष्ट बंधनकारक, शुड आलं की शिफारस, मे आलं की परवानगी. हे तीन शब्द नीट कळले तर नियमांचं रुक्ष वाटणारं पान एकदम उलगडतं. शिकवणीत हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मोजमापांबद्दल थोडक्यात. हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. अमेरिकी पाककृतीत ओव्हनचं तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७७ सेल्सिअस. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० चा. अमेरिकी धान्यबाजाराच्या बातम्यांत बुशेल येतं, आणि त्याचं वजन पिकानुसार बदलतं: गव्हाचं ६० पाउंड, मक्याचं ५६. ब्रिटिश आणि अमेरिकी नावांचाही असाच घोळ आहे. ब्रिटनमध्ये ग्रिल म्हणजे वरून आच देणं. अमेरिकेत त्यालाच ब्रॉइल म्हणतात आणि ग्रिलची आच खालून असते. अमेरिकेत कॉर्न म्हणजे मका, जुन्या ब्रिटिश लिखाणात कोणतंही धान्य. अशा वेळी कृषी विज्ञानात शास्त्रीय नाव कामी येतं. झिया मेझ म्हटलं की जगात कुठेही मकाच. ही लॅटिन नावं वर्गातल्या सगळ्यांनाच नवी असतात. मोठ्या स्वयंपाकघरातली सू-शेफ (मुख्य शेफचा दुय्यम), कॉमी (शिकाऊ आचारी), मीझ आँ प्लास (शिजवण्याआधीची सगळी मांडामांड) ही नावं फ्रेंच, तीही सगळ्यांना नवीच. म्हणजे ज्या परभाषेची तिला धास्ती आहे, तिच्यातला बराच भाग इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनाही शून्यापासूनच शिकावा लागतो.

उच्चारांवरून नातेवाईक हसतात, असं तुम्ही लिहिलंय. सॅमनमधला एल आणि प्लाउमधला (नांगर) जीएच उच्चारत नाहीत, शेफचं स्पेलिंग सीएचने सुरू होतं, हे ज्याने आधी ऐकलेलं नाही त्याला कळणार कसं? शब्दकोशाच्या अ‍ॅपवर ध्वनिमुद्रण ऐकून तिने मोठ्याने म्हणावं. हसणाऱ्यांना घरातल्या मोठ्यांनी एकदा स्पष्ट सांगावं. हे काम तिच्यावर सोडू नका.

आता अभ्यास कसा करायचा ते सांगतो. दर आठवड्याला एकच प्रक्रिया घ्यायची. समजा पाव: वजन करणं, मिसळणं, मळणं, फुगू देणं, त्यातली हवा काढणं, आकार देणं, पुन्हा फुगू देणं, भाजणं, थंड करणं. आधी हे सगळं मराठीत स्वतःच्या वाक्यांत लिहायचं, मग प्रत्येक पायरीला इंग्रजी क्रियापद लावायचं: वे, मिक्स, नीड, प्रूफ, नॉक बॅक, शेप, पुन्हा प्रूफ, बेक, कूल. मग शक्य असेल तर पाव करत करत तीच वाक्यं मोठ्याने म्हणायची. दुसऱ्या दिवशी वही न बघता पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. पुढच्या आठवड्यात गव्हाचं पीक, त्यानंतर दूध थंड करून साठवणं. महिनाभरात तिच्याकडे थोडेच शब्द असतील, पण ते वापरात असतील. वाचायला कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस आयोगाचे दस्तऐवज घ्यावेत. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा हा आयोग १९६३ पासून अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवतो. ती मानकं मोफत वाचता येतात, आणि त्यांतल्या व्याख्या छोट्या, नेमक्या असतात. रोज एक व्याख्या पुरे.

राहिला क्षेत्राचा प्रश्न. तीनही ठिकाणी इंग्रजी लागतं, पण वेगवेगळ्या प्रकारचं. स्वयंपाकघरात ऐकणं आणि तत्काळ उत्तर देणं महत्त्वाचं. वाक्यं तुटक असतात, लिहिणं कमी. कृषी पदवीत वाचन भरपूर आणि प्रयोगाच्या नोंदी. अन्न तंत्रज्ञानात नेमकं लिहिता येणं सगळ्यांत जास्त लागतं: अहवाल, लेबल, तपासणीच्या नोंदी. पण कुठलं इंग्रजी सोपं, हे बघून निवड करू नका. काम कुठलं आवडतं ते बघा. तासन्‌तास उष्णतेत उभं राहून, घाईत, दहा जणांबरोबर काम करायला तिला आवडेल का? ऊनपावसात शेतकऱ्यांशी बोलत फिरायला आवडेल का? तुम्ही लिहिलंय, की ती पावासाठी पाण्याचं प्रमाण थोडं थोडं बदलते आणि प्रत्येक वेळी काय झालं ते तारखेसह टिपून ठेवते. तिला कुणी सांगितलेलं नसताना. ताई, हा अन्न तंत्रज्ञानाचा स्वभाव आहे, आणि तो शिकवून येत नाही. माझा कौल त्या बाजूला आहे. तरी शेवटचा निर्णय तिचा असू द्या.

प्रवेशाआधी ज्या दोनतीन संस्थांचा विचार चालला असेल, तिथे तिने स्वतः जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या सत्राची प्रात्यक्षिक पुस्तिका आधी मिळेल का, आठवड्यात प्रयोगशाळेचे तास किती, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी भाषेची काही मदत आहे का. तिथे आधीपासून शिकणारी मराठी माध्यमाची एखादी विद्यार्थिनी भेटली तर तिच्याशी तासभर बोलावं. पुस्तिका मिळाली तर सुट्टीत दुसरं काहीच वाचू नये. त्यातल्या प्रत्येक प्रयोगाची क्रियापदं वर सांगितलं तशी वहीत उतरवावीत, आणि जो प्रयोग घरी करण्याजोगा आणि सुरक्षित असेल तो करून पाहावा.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक