तो जादा पंप काढून फेकू का, काका?

प्रश्न : काका नमस्कार. आमच्याकडे आजोबांनी घेतलेला १९७४ चा अमेरिकन पिकअप आहे, पेट्रोल, सहा सिलिंडर, एका परदेशी ठेकेदाराने काम संपल्यावर इथेच विकलेला. बरीच वर्षं पादरा गावच्या शेतावर ताडपत्रीखाली पडून होता, आता मी आणि चुलतभावाने चालू केलाय. इंजिनच्या पुढे बेल्टवर फिरणारा एक जादा पंप आहे, तो चीं चीं करतो, त्याच्या एका रबरी पाइपचा जळून कोळसा झालाय आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फाट्कन आवाज येतो, परवा रावपुऱ्यात एक आजोबा छत्री टाकून बाजूला झाले. मिस्त्री म्हणतो हा पोल्युशनचा पंप, इकडे काही कामाचा नाही, उपटून फेकून द्या, पाच-दहा हॉर्सपॉवर मोकळी होईल. फेकू का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : फेकू नका. काढायचा की नाही ते नंतर बघू, पण फेकू तर अजिबात नका.

मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे, पंप पोल्युशनसाठीच आहे. चुलीत धूर कोंडला की आजी फुंकणीने फुंकर मारायची आणि धुराचा जाळ व्हायचा, आठवतंय? तेच काम हा पंप करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात थोडं न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, एक्झॉस्ट व्हॉल्वच्या अगदी मागे बारीक नळ्यांनी ताजी हवा सोडली की उरलेलं तिथेच जळून जातं. फोर्डवाले याला थर्मॅक्टर म्हणायचे, जनरल मोटर्सवाले एअर इंजेक्शन रिॲक्टर. कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलपासून हे आलं आणि पुढे सगळीकडे पसरलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारे डबे) तिकडे १९७५ च्या मॉडेलपासून आले, म्हणजे तुमच्या गाडीत तो नाही, धूर साफ करायचं बरंचसं काम या पंपाच्याच गळ्यात आहे.

आता हॉर्सपॉवरचं. बेल्ट उतरवा आणि पंपाची पुली हाताने फिरवून बघा, धड असेल तर सहज फिरते. पाच-दहा घोडे खाणारी वस्तू अशी फिरेल का? त्याच्या हवेला दाबही जेमतेम असतो. काढल्यावर गाडी पळायला लागली असं कोणी सांगितलं तर त्याने त्याच दिवशी कार्बोरेटर पण साफ केला होता का ते विचारा.

तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणच्या आहेत आणि त्यातल्या दोन तर पंपाच्या नाहीतच. पाइप जळला म्हणजे चेक व्हॉल्व गेला. पंपाची हवा एक्झॉस्टकडे जाऊ द्यायची पण एक्झॉस्टचा धूर मागे येऊ द्यायचा नाही एवढंच त्याचं काम, तो गंजून उघडा राहिला की तापलेला धूर उलटा येऊन आधी रबर जाळतो, मग पंप. गाडी पूर्ण थंड असताना तो खोला आणि तोंडाने फुंका, पंपाच्या बाजूने फुंकर जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. दोन्हीकडून गेली तर बदला. नुसता नवा पाइप घातलात तर तोही जळेल.

फाट्कन आवाज डायव्हर्टर व्हॉल्वचा. तुम्ही पाय उचलला की कार्बोरेटर क्षणभर जास्त पेट्रोल ओढतो, ते न जळता एक्झॉस्टमध्ये येतं, तिथे पंपाची ताजी हवा तयारच, मग धडाका होणारच. तो होऊ नये म्हणून हा व्हॉल्व त्या दोन-तीन सेकंदात हवा बाहेर सोडून देतो आणि ते त्याला कळतं इंजिनकडून येणाऱ्या बारीक व्हॅक्यूम पाइपवरून. इतकी वर्षं पडून असलेल्या गाडीत तो पाइप तडकलेला असणार, माझी पैज. आधी तो बदला, वीतभर पाइपला कितीसे पैसे लागतात.

राहिली चीं चीं. ती पंपाची असेल किंवा नुसत्या सैल बेल्टची. बेल्ट उतरवून मिनिटभर इंजिन जागेवरच चालू ठेवा, आवाज गेला तर संशय पंपाकडे किंवा त्या बेल्टकडे, पण त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर मिनिटाच्या वर नको. आणि आवाज बंद करायला पंपात तेल सोडू नका हो, आपल्याकडे प्रत्येक कुरकुरीवर तेल हाच उपाय असतो, पण यातली पाती कोरडीच फिरायला बनवलेली असतात, तेलाने बिघडतात. बेल्ट ताणताना पंपाच्या बॉडीला पहार पण लावायची नाही, ॲल्युमिनियम आहे, चेपतं.

एवढं करून पंपाचं बेअरिंगच गेलेलं निघालं आणि मिळेना, तर काढा, पण परत बसवता येईल असा काढा. एक्झॉस्टमधल्या नळ्यांच्या वाटेला जाऊ नका, पन्नास वर्षं तापलेल्या त्या नळ्या बिडात अशा बसतात की पाना लावला की तुटतात आणि तुटलेला तुकडा ड्रिल मारून काढायचा खर्च पंपापेक्षा जास्त होतो. नळ्या तशाच ठेवून फक्त चेक व्हॉल्वच्या जागी आट्यांची लोखंडी टोपी बसवा, मकरपुरा जीआयडीसीत कोणीही टर्नर नमुना बघून करून देईल, एपॉक्सी लावून बंद करायचा नाद करू नका, त्या उष्णतेत टिकत नाही. डायव्हर्टरचा व्हॅक्यूम पाइप जिथून निघतो ते तोंड बंद करायला विसरू नका, उघडं राहिलं तर फुकटची हवा आत जाऊन आयडलिंग वाढतं, गाडी तापते आणि मग पंप काढल्यामुळे बिघडली म्हणून तुम्ही मलाच पत्र लिहिणार.

पीयूसी मात्र काढायच्या आधी एकदा करा आणि नंतर एकदा. आपल्याकडे इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के चालतो. पंप गेला की आकडा वाढणार, कारण तो थोडा जाळत होता आणि वर ताजी हवा मिसळून पातळ पण करत होता. कार्बोरेटर नीट लावून ३ च्या आत आणा. नाही आला तर तुमच्या गाडीला पंप हवाय.

आणि सामान फेकू नका म्हणालो त्याचं कारण वेगळंच आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची खासगी दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी मूळ स्वरूपात असेल, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठी ढवळाढवळ नसेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पिकअप त्यात बसतो का ते आरटीओत विचारून घ्या. रोज शेतावर भाजी आणायला मग ती वापरता येत नाही, पण प्रदर्शनात नेता येते. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर व्हिंटेज गाड्या आल्या होत्या तेव्हा मी तासभर नुसती बॉनेटं बघत होतो, तिथे परीक्षक बॉनेट उघडून क्लिपा सुद्धा बघतात. तरुणपणी मी एका डॉक्टरांच्या गाडीचा असाच पंप काढून भंगारात दिला, वीस वर्षांनी त्यांचा मुलगा तो शोधत माझ्याकडेच आला. तोंड लपवायला जागा नव्हती. तेव्हा पंप, ब्रॅकेट, बोल्ट सगळं एका गोणीत भरा, वर चिठ्ठी लावा आणि माळ्यावर टाका.

प्रश्न : माझ्या जुन्या बाइकला पण इंजिनच्या डोक्यावर एक हवेची नळी आहे, मिस्त्रीने ती बंद केली आणि फटफट थांबली. चालेल ना?
— एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : आवाज थांबला, बिघाड नाही. बाइकला पंप नसतो, एक्झॉस्टच्या धक्क्यांनीच हवा ओढली जाते, पण ॲक्सिलरेटरची मूठ सोडल्यावर हवा बंद करणारा व्हॉल्व तसाच आणि त्याचा व्हॅक्यूम पाइप फाटला की फटफट पण तीच. पाइप बदला, नळी उघडा.

प्रश्न : आणि डिझेल पिकअपचा ईजीआर बंद करू का? सगळे करतात.
— एक वाचक, फतेहगंज

उत्तर : हे उलटं प्रकरण आहे, ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी सोय. काजळी साचली असेल तर खोलून साफ करून घ्या. पत्रा घालून बंद केलात आणि गाडी पोल्युशनमध्ये पकडली गेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड आहे, वर तीन महिने लायसन्स जातं. सगळे करतात ते सगळे दंड भरायला येणार नाहीत.