उभ्या ट्रकवर धडकले, म्हणून सगळा दोष मयताचाच का?

प्रश्न : वकीलताई, २४ नोव्हेंबरच्या रात्री माझे दाजी मोटारसायकलवरून गावी येत होते. पुणे-बंगळूर महामार्गावर बंद पडलेला एक ट्रक उभा होता. त्याला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. दाजी त्यावर धडकले आणि जागीच गेले. वय ३८, वेल्डिंगचं दुकान होतं. मागे बहीण, दोन लहान मुलं आणि दाजींची आई आहे. पोलिसांनी गुन्हा दाजींवरच दाखवला. ट्रक कर्नाटकातला आहे. मालक म्हणतो, ‘चूक तुमचीच, तरी माणुसकी म्हणून दीड लाख देतो, स्टॅम्पवर सही करा.’ विमा संपला होता असंही सांगतो. काय करावं?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : दादा, आधी बहिणीला सांगा, त्या स्टॅम्पवर सही करू नकोस. हे मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण दिवसकार्य उरकायच्या आत घेतलेल्या अशा सह्यांचे कागद मी पुढे न्यायालयात विरुद्ध बाजूच्या हातात पाहिले आहेत. मुलांचा आणि सासूबाईंचा हक्क स्वतंत्र असतो, तो बहिणीच्या एका सहीने संपत नाही. पण त्या कागदाशी झगडण्यात वर्षं जातात.

गुन्हा दाजींवर दाखवला म्हणजे दोष सिद्ध झाला, असं नाही. चूक कोणाची आणि किती, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण स्वतः ठरवतं. फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा तिथे लागत नाही, काय घडलं असण्याचा संभव जास्त आहे हे पाहिलं जातं. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्याला मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाने मनाई आहे. ट्रक बिघडणं समजू शकतं. पण अंधारात मागे चार दगड आणि झाडाची फांदी टाकून चालक जेवायला निघून जातो, त्याला अपघात म्हणायचं की निष्काळजीपणा? म्हणून घटनास्थळाचा पंचनामा शब्द न् शब्द वाचा. ट्रक साईडपट्टीवर होता की डांबरावर? डांबरावर किती फूट? मागचे दिवे चालू असल्याची नोंद आहे का? त्या रात्री मदतीला धावलेल्यांपैकी कोणी मोबाईलवर फोटो काढले असतील, तर ते आजच मागून घ्या. ढाबेवाल्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बहुधा एव्हाना पुसलं गेलं असेल, तरी विचारा.

दाव्यासाठी कर्नाटकात जावं लागत नाही. बहीण जिथे राहते, त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात दावा चालतो. मुदत मात्र अपघातापासून सहा महिन्यांची आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमची मुदत २४ मे रोजी संपते आणि मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. तेव्हा एप्रिलमध्येच क्लेम दाखल करा.

आता दीड लाखाचा हिशेब. दुकानातून महिना १५ हजार सुटत होते असं धरू. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१ हजार. मागे चार माणसं अवलंबून, म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. उरले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. वर्षाची रक्कम कितीने गुणायची, तो वयानुसार ठरलेला गुणक ३८ व्या वर्षासाठी १५. झाले २८ लाख ३५ हजार, शिवाय अंत्यविधीचा खर्च आणि सहवास गमावल्याची भरपाई वेगळी. ही रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिली आहे. समजा, दाजींचीही ३० टक्के चूक धरली, तरी जवळपास १९ लाख ८४ हजार उरतात. आणि मालक दीड लाखाला माणुसकी म्हणतो.

१५ हजार सिद्ध करायचे तर दुकानाच्या मीटरची वीजबिलं, लोखंड आणि गॅसच्या पावत्या, गिऱ्हाइकांनी मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या पासबुकातल्या नोंदी, सगळं गोळा करा. गेट, शेड करून घेतलेली दोन माणसं साक्षीला आली तर फार उपयोग होतो.

विमा संपल्याचं मालकाच्या तोंडून ऐकून सोडून देऊ नका. ट्रकच्या नंबरावरून एम-परिवहन ॲपवर विम्याची मुदत दिसते. विमा असेल आणि चालकाचा परवाना तेवढा बाद निघाला, तर न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. विमा खरोखरच नसेल, तर भरपाई मालकाच्या मालमत्तेतून वसूल करावी लागते. मग मालकाने तारण दिल्याशिवाय ट्रक सोडू नये, असा अर्ज लगेच करायला हवा. आधीच सुटला असेल, तर तेही वकिलांना सांगा.

विमा कंपनीकडून तडजोडीचा देकार आला तर वरचा हिशेब समोर ठेवून बोला. तो स्वीकारला की दावा तिथेच मिटतो. चूक सिद्ध न करता ५ लाख मिळण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे, पण मोठा दावा सोडून सुरुवातीलाच तिकडे वळू नका.

वकिलाच्या खर्चाची काळजी बहिणीने करू नये. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. खासगी वकील केलात, तर ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार करू नका, वकिलांना तशी फी घेण्याची मनाईच आहे. आणि कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सही नको.

एफआयआर, पंचनामा आणि पीएम रिपोर्टच्या नकला या आठवड्यात मागा. जाताना बहिणीला सोबत न्या. अर्ज तिच्याच नावाने द्या आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.