इंटर्नशिपच्या टेक्निकल फोन राउंडची तयारी दोन आठवड्यांत कशी करावी?

तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात, राउंड ४५ मिनिटांचा आहे, कोड गूगल डॉक्समध्ये लिहायचा आहे आणि डेटा स्ट्रक्चर्स शिकून झालंय, असं तुम्ही लिहिलंय. मग आता नवे टॉपिक उघडू नका. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या भागांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवणं) अजून जमत नसेल तर ते सरळ सोडा, असं माझं मत. ॲरे, स्ट्रिंग, हॅश मॅप (किल्ली दिली की तिच्याशी साठवलेली माहिती लगेच देणारी रचना), लिंक्ड लिस्ट, ट्री आणि बीएफएस-डीएफएस (ट्री किंवा ग्राफ पातळीनुसार किंवा खोलवर जाऊन फिरण्याच्या पद्धती) पक्कं करा.

खरी तयारी बोलण्याची. फोनवर तुम्ही तीन मिनिटं गप्प बसलात, तर विचार करताय की अडकलाय हे समोरच्याला कळत नाही, आणि हिंट कुठे द्यायची हेही कळत नाही. म्हणून रोजचा सराव मोठ्याने बोलत करा. विचार मराठीत होत असेल तरी हरकत नाही, पण ‘मी आधी साधा उपाय सांगतो’ यासारखी पाच-सहा वाक्यं इंग्रजीत तोंडात बसवून ठेवा.

नेहमीचाच प्रश्न घ्या: ॲरेमधल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज टार्गेटइतकी होते, त्यांचे इंडेक्स द्या. आधी विचारा: ॲरे सॉर्टेड आहे का, उत्तर नसेल तर काय परत करायचं, एन, म्हणजे ॲरेतल्या आकड्यांची संख्या, किती मोठा? मग प्रत्येक जोडी तपासणारा दोन लूपचा उपाय नुसता तोंडी सांगा. एन एक लाख असेल तर जोड्या सुमारे ५०० कोटी होतात, म्हणून हॅश मॅप: त्यात ॲरे एकदाच फिरावा लागतो. इथे क्रम सांभाळा: आधी मॅपमध्ये ‘टार्गेट वजा चालू आकडा’ शोधायचा, मगच चालू आकडा आत टाकायचा. उलट केलंत तर ३, २, ४ आणि टार्गेट ६ असताना पहिल्या ३ ला तो स्वतःच सापडतो आणि उत्तर ०, ० येतं. इंडेक्स शून्यापासून मोजतात, म्हणून बरोबर उत्तर १, २.

डॉक्समध्ये रन बटण नाही, त्यामुळे अशी चूक ड्राय रन केला, म्हणजे कोड ओळीओळीने स्वतः चालवून बघितला, तरच सापडते. तो वहीत करू नका. कोडखालीच इंडेक्स, चालू आकडा आणि मॅप यांच्या ओळी टाइप करा, म्हणजे समोरच्यालाही दिसतं. रिकामा ॲरे आणि एकच आकडा हेही तपासा. पायथॉनमध्ये बीएफएस लिहिताना लिस्टवर pop(0) वापरू नका, दर वेळी सगळी लिस्ट सरकते; दोन्ही टोकांनी पटकन काढता-घालता येणारा डेक (deque) घ्या.

सराव डॉक्समध्येच करा. ते ओळीचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं, ते टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बंद करा. एका प्रश्नाला २५ मिनिटं, त्यानंतरच उत्तर बघायचं. शेवटचे चार दिवस मित्राला खरोखर फोन करायला लावा आणि अनोळखी प्रश्न विचारायला सांगा. तेव्हाही वायरचा हेडफोन लावा, कारण टाइप करायला दोन्ही हात लागतात. आणि रेझ्युमेवरच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तुमचा स्वतःचा भाग कोणता, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. जो सांगता येत नाही, तो रेझ्युमेवरून काढा.